ती मुलींच्या गटात धावू शकते का? : आंतरलिंगी खेळाडूंबद्दल पालक आणि प्रशिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सणस मैदानावर मी गेली अठरा वर्षं मुलींना मधल्या पल्ल्याच्या शर्यती शिकवते. दोन हिवाळ्यांपूर्वी सतरा वर्षांखालच्या एका स्पर्धेत माझ्याकडची मुलगी आठशे मीटरमध्ये पहिली आली. गुडघ्यांवर हात टेकून ती अजून धापा टाकत होती, तेवढ्यात कठड्याशी उभे असलेले एक पालक मोठ्यानं म्हणाले, "ही पोरगी आहे का, बघा जरा कोणीतरी." तिनं ऐकलं. मान वर न करता तिनं जर्सी दोन्ही हातांनी खाली ओढली. थोड्या वेळानं एका पंचांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, आत नेऊन एखाद्या बाईंकडून बघून घ्या, विषय मिटेल." मी नाही म्हटलं. त्या रात्री तिच्या आईचा मावळातून फोन आला. बराच वेळ त्या दुसरंच काहीतरी बोलत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "ताई, माझी पोर पोरगीच आहे ना ओ?"

तेव्हापासून मला जे जे प्रश्न विचारले गेले, ते इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय बाबी डॉक्टरांकडून समजून घेऊनच लिहिल्या आहेत, तरी तुमच्या मुलीपुरता निर्णय तिच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

आंतरलिंगी म्हणजे नेमकं काय?

मूल पोटात वाढताना त्याचं लिंग अनेक पायऱ्यांनी घडतं. आधी गुणसूत्रं, मग बीजकोश की वृषण, मग त्यांतून पाझरणारे हार्मोन आणि त्यानंतर बाहेरून दिसणारे अवयव. बहुतेकांच्या बाबतीत या सगळ्या पायऱ्या एकाच दिशेनं जातात. काहींच्या बाबतीत एखादी पायरी वेगळी वळते. अशा जन्मजात शरीररचनेला आंतरलिंगी म्हणतात. डॉक्टर लोक डीएसडी म्हणतात, म्हणजे लिंगविकासातला फरक.

हा एकच आजार नाही, त्यात अनेक प्रकार येतात. खेळाच्या वादात मुख्यतः दोनांची नावं निघतात. पहिला प्रकार फाइव्ह अल्फा रिडक्टेज नावाच्या एन्झाइमच्या कमतरतेचा. गुणसूत्रं एक्सवाय असतात (सहसा मुलींची एक्सएक्स, मुलांची एक्सवाय), पोटात किंवा जांघेत वृषण असतात, पण टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं पुढचं जे रूप बाहेरचे पुरुषी अवयव घडवतं ते तयार होत नाही. बाळ मुलगी म्हणून जन्माला येतं, मुलगी म्हणूनच वाढतं आणि वयात येताना टेस्टोस्टेरॉन आपलं काम सुरू करतं. दुसऱ्या प्रकारात शरीर टेस्टोस्टेरॉनला दाद देत नाही. हे कधी अर्धवट असतं, कधी पूर्ण. पूर्ण असेल तर रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही स्नायूंना त्याचा काडीचा उपयोग होत नाही. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

यात त्या मुलीनं काही केलेलं नसतं. तिला बहुतेक वेळा हे माहीतही नसतं.

म्हणजे तृतीयपंथी किंवा ट्रान्सजेंडर का?

नाही. ट्रान्सजेंडर स्त्री म्हणजे जन्मतः मुलगा म्हणून नोंद झालेली आणि स्वतःला स्त्री मानणारी व्यक्ती. इथे आपण ज्यांच्याविषयी बोलतोय, त्या खेळाडूंच्या जन्मदाखल्यावर पहिल्या दिवसापासून 'स्त्री' आहे आणि त्या आयुष्यभर मुलगीच आहेत. आपल्याकडच्या २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातही आंतरलिंगी व्यक्तीची वेगळी व्याख्या केली होती. व्हॉट्सॲपवरच्या चर्चेत या दोन्हींची सर्रास खिचडी होते.

आमची मुलगी सोळा वर्षांची झाली, अजून पाळी आली नाही. धावल्यामुळे असेल का? की हेच असेल?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, तोही नेहमी हळू आवाजात, मैदानाच्या फाटकाशी.

पहिली गोष्ट म्हणजे घाबरू नका. धावणाऱ्या मुलींमध्ये पाळी उशिरा येण्याचं किंवा थांबण्याचं खूप जास्त दिसणारं कारण साधं आहे. ती जेवढं पळते तेवढं खात नाही. सकाळी साडेपाचला एक कप चहा आणि दोन बिस्किटं, दोन तास सराव, मग तशीच शाळा, डब्यात एक पोळी. शरीर जमाखर्च बघतं आणि ज्याच्याशिवाय चालेल ते आधी बंद करतं. पाळी त्यातलीच एक. अशा मुलीची हाडं ठिसूळ होतात, नडगीच्या हाडाला बारीक चिरा पडतात, वेळ सुधारायची थांबते. माझ्याकडे आलेल्या अशा मुलींपैकी बऱ्याच जणींचा प्रश्न शेंगदाणे, अंडी, भाकरी आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती यांनीच सुटला.

दुसरी गोष्ट मात्र तितकीच महत्त्वाची आहे. पंधरा पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नसेल तर डॉक्टरांना दाखवायचंच. "आमच्या घरात सगळ्यांना उशिराच येते" असं म्हणून अठरापर्यंत थांबू नका. आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, गरज पडली तर हार्मोनचे डॉक्टर. ते सोनोग्राफी आणि रक्ततपासणी सांगतील, कधी गुणसूत्रांचीही तपासणी सांगतील. लहानपणी मुलीचं जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं असेल, तर ती फाईल घरात शोधून बरोबर न्या. आंतरलिंगी रचना कधीकधी तिथेच पहिल्यांदा लक्षात येते. आणि ही तपासणी तिच्या तब्येतीसाठी करायची. पोटात राहिलेल्या वृषणांना काही प्रकारांत पुढे कर्करोगाचा धोका असतो, म्हणून माहीत असणं बरं. पदक मिळेल की जाईल हा हिशेब त्या दवाखान्यात नेऊ नका.

तिला पीसीओडी आहे, रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन जास्त आलंय. ती बाद होईल का?

नाही. पीसीओडीत टेस्टोस्टेरॉन थोडं वाढतं, पण आताच्या नियमांचा त्याच्याशी संबंध नाही. अधिवृक्क ग्रंथींच्या (मूत्रपिंडांवरच्या लहान ग्रंथींच्या) ज्या जन्मजात विकारात एक्सएक्स मुलींचं टेस्टोस्टेरॉन वाढतं, त्यालाही हे नियम लागू नाहीत.

सध्या ॲथलेटिक्सचा नियम काय आहे?

वर्ल्ड ॲथलेटिक्स या खेळाच्या जागतिक महासंघानं १ सप्टेंबर २०२५ पासून नवा नियम लागू केला. जागतिक क्रमवारीत मोजल्या जाणाऱ्या स्पर्धांत महिला गटात उतरायचं असेल, तर आयुष्यात एकदा एसआरवाय जनुकाची चाचणी द्यायची. हे जनुक सहसा वाय गुणसूत्रावर असतं आणि गर्भात वृषण घडवण्याची पहिली कळ तेच दाबतं. ते सापडलं नाही तर विषय संपला. सापडलं तर पुढची वैद्यकीय तपासणी होते आणि साधारणपणे महिला गट बंद होतो. टेस्टोस्टेरॉनला शरीर अजिबात दाद देत नाही अशा खेळाडूंना मात्र सूट आहे. जुन्या नियमाखाली आधीपासून खेळणाऱ्या अगदी थोड्या खेळाडूंसाठी वेगळी तरतूदही आहे. त्याच महिन्यात टोकियोला झालेली जागतिक स्पर्धा या नियमाखालची पहिली मोठी स्पर्धा.

तालुका, जिल्हा आणि शालेय स्पर्धांना हे लागू नाही. हे वाक्य प्रिंट काढून मैदानावर चिकटवावं असं मला वाटतं.

ही चाचणी कशी करतात? कपडे काढावे लागतात का?

नाही, अजिबात नाही. कापसाच्या बोळ्याची एक काडी गालाच्या आतल्या बाजूनं काही सेकंद फिरवतात, नाहीतर थोडंसं रक्त घेतात. नमुना बंद करून प्रयोगशाळेत जातो. मुलीच्या अंगाकडे कोणी बघायचं कारणच नसतं. "नियमात आहे म्हणून बघावं लागतं" असं कोणी सांगत असेल तर तो खोटं बोलतोय.

नमुना घेणं सोपं असलं तरी निकाल वाचणं सोपं नाही. ज्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाच्या संशोधनातून १९९० मध्ये एसआरवाय जनुक सापडलं, त्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच २०२५ मध्ये या वापरावर जाहीर आक्षेप घेतला. जनुक आहे की नाही एवढंच ही चाचणी सांगते. ते काम करतंय का, वृषण तयार झालेत का, टेस्टोस्टेरॉन बनतं का, बनलं तर शरीर ते वापरतं का, यातलं काहीच सांगत नाही. शिवाय नमुना हाताळणाऱ्या पुरुषाच्या त्वचेच्या पेशी त्यात मिसळल्या तर निकाल चुकीचा येऊ शकतो. फ्रान्समध्ये वैद्यकीय कारणाशिवाय अशी जनुकीय चाचणी करायला कायद्यानं मनाई आहे. त्यामुळे तिथल्या महिला बॉक्सरना २०२५ च्या जागतिक स्पर्धेसाठी बाहेरच्या देशातून चाचणी करून घ्यावी लागली, निकाल वेळेत पोचले नाहीत आणि अख्खा संघ रिंगणाबाहेर राहिला.

पूर्वी अशा चाचण्या होत होत्या ना? मग बंद का झाल्या?

होत होत्या, आणि त्यांचा इतिहास वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. १९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांच्या पथकासमोर विवस्त्र उभं केलं गेलं. ओरड झाल्यावर १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये गालाच्या पेशींतून गुणसूत्रांची चाचणी आली. पास झालेल्यांना स्त्री असल्याचं प्रमाणपत्र मिळायचं, आणि ते प्रत्येक दौऱ्यात पासपोर्टसारखं जवळ ठेवायचं.

स्पेनची अडथळा शर्यतीची धावपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो १९८५ मध्ये जपानला जागतिक विद्यापीठ स्पर्धेला गेली आणि ते प्रमाणपत्र घरी विसरली. पुन्हा चाचणी झाली आणि निकाल एक्सवाय आला. दुखापतीचं नाटक करून गप्प राहा, असं तिला सुचवलं गेलं. पुढच्या वर्षी ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, जिंकली आणि बातमी फुटली. शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले गेले, ठरलेलं लग्न मोडलं. आता मघाचा फरक आठवा. तिचं शरीर टेस्टोस्टेरॉनला पूर्णपणे दाद न देणारं होतं. म्हणजे शेजारच्या लेनमधल्या कुठल्याही मुलीला टेस्टोस्टेरॉनचा जेवढा उपयोग होत होता, तेवढाही तिला होत नव्हता. ती लढली आणि १९८८ मध्ये तिला परत घेतलं, पण ऐन उमेदीची तीन वर्षं हातून गेली ती गेलीच.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ महिलांची चाचणी झाली. आठ जणींत एसआरवाय सापडलं. पुढच्या तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिलं. त्यांच्यात एकही पुरुष लपून आला नव्हता, सगळ्या आंतरलिंगी स्त्रिया होत्या. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं सरसकट चाचण्या थांबवल्या. आज पुन्हा आलेली चाचणी मुळात तीच आहे, हे विसरू नये.

मग पुन्हा सगळं का सुरू झालं?

कॅस्टर सेमेन्यामुळे, असं लोक म्हणतात. मी म्हणेन, तिच्याशी जे वागलं गेलं त्यामुळे. २००९ मध्ये बर्लिनला अठरा वर्षांच्या या दक्षिण आफ्रिकी मुलीनं आठशे मीटर १ मिनिट ५५.४५ सेकंदांत जिंकलं. अंतिम फेरीच्या दिवशीच तिची लिंगतपासणी चालू असल्याची बातमी जगभर पसरली. जवळपास अकरा महिने ती बाहेर होती.

त्यानंतर नियम बदलत गेले. २०११ मध्ये रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनची मर्यादा १० नॅनोमोल प्रतिलिटर. २०१८ मध्ये ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींसाठी ५, तीही ठरावीक डीएसडी असलेल्यांना. २०२३ मध्ये सगळ्याच प्रकारांत २.५, सलग चोवीस महिने. आणि २०२५ मध्ये जनुक. चौदा वर्षांत चार वेगळ्या रेषा, आणि प्रत्येक रेषा आखताना सांगितलं गेलं की विज्ञान स्पष्ट आहे.

पण खरं सांगा, त्यांना फायदा होतो की नाही?

काहींना होतो. हे मी आडवळणानं सांगणार नाही, कारण मुलींचा गट टिकला पाहिजे म्हणूनच मी रोज पहाटे मैदानावर असते.

वयात येईपर्यंत मुलामुलींच्या वेळांत फार फरक नसतो. त्यानंतर टेस्टोस्टेरॉन कामाला लागतं. हिमोग्लोबिन वाढतं, स्नायू वाढतात, हाडं लांब होतात. अव्वल पातळीवर धावण्यात पुरुष आणि स्त्रियांच्या वेळांत साधारण १० ते १२ टक्के फरक पडतो. स्त्रियांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन बहुधा २ नॅनोमोलच्या खाली असतं, पुरुषांच्या रक्तात साधारण ८ ते ३०. मध्ये मोकळी जागा आहे. ज्या आंतरलिंगी स्त्रीचं टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या पट्ट्यात आहे आणि शरीर ते वापरतं, तिला त्याचा काही ना काही लाभ होणार हे मान्य करावं लागतं. २०११ च्या दाएगू जागतिक स्पर्धेतल्या महिला खेळाडूंच्या रक्ततपासणीत अशा खेळाडूंचं प्रमाण हजारात सातच्या आसपास आढळलं, म्हणजे सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा कितीतरी जास्त. हे निव्वळ योगायोगानं होत नाही.

पण किती फायदा? इथे गाडी अडते. २०१८ च्या नियमामागे जो अभ्यास पुढे केला होता, त्याच्या लेखकांनी २०२१ मध्ये दुरुस्ती छापली. आपले निष्कर्ष प्राथमिक आहेत, टेस्टोस्टेरॉनमुळेच कामगिरी सुधारते असं त्यातून सिद्ध होत नाही, असं त्यांनीच लिहिलं. सेमेन्याची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ १ मिनिट ५४.२५ सेकंद. महिलांचा जागतिक विक्रम १९८३ पासून १ मिनिट ५३.२८ आहे आणि तो तिनं कधीच मोडला नाही. पुरुषांचा विक्रम १ मिनिट ४०.९१. म्हणजे १० ते १२ टक्क्यांची ती दरी तिनं ओलांडलेली नाही, तिच्या आसपासही ती गेली नाही.

तालमीतल्या मुलांना मी हे कुस्तीच्या भाषेत सांगते. सत्तावन्न किलोच्या गटात एखाद्याचे हात लांब असले तर कोणी तक्रार करत नाही. पण चौऱ्याहत्तर किलोचा पैलवान त्या गटात उतरला तर कुस्तीच होत नाही. महिला गट हाही वजनी गटासारखाच आखलेला गट आहे, म्हणून "प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं" एवढं उत्तर पुरत नाही. खरा वाद असा की ही खेळाडू लांब हातांची सत्तावन्न किलोवाली आहे की चौऱ्याहत्तरची. कुस्तीत वजनकाटा आहे. इथे तसा काटा अजून कोणाकडे नाही, आणि एसआरवाय हा तो काटा नाही.

मग चौथ्या आलेल्या मुलीनं काय करायचं?

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आठशे मीटरच्या तिन्ही पदकविजेत्या, सेमेन्या, बुरुंडीची फ्रान्सिन नियोनसाबा आणि केनियाची मार्गारेट वाम्बुई, पुढे याच नियमांच्या कक्षेत आल्या. कॅनडाची मेलिसा बिशप चौथी होती. कॅनडाचा राष्ट्रीय विक्रम मोडून चौथी. तिच्या दुःखाला मत्सर म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. आयुष्याची पंधरा वर्षं ओतून पदकाच्या एक पायरी खाली उभं राहणं काय असतं, ते मला माझ्या मुलींकडे बघून कळतं.

तिचा प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर नियम करणाऱ्यांनी द्यायचं, तेही आधी, बंद खोलीत, डॉक्टरांसमोर. शर्यत संपल्यावर शेजारच्या लेनकडे बोट दाखवून ते मिळत नाही.

गोळ्या घेऊन टेस्टोस्टेरॉन कमी केलं की झालं, त्यात एवढं काय?

ती गोळी आजारावरची नाही. धडधाकट शरीराला फक्त स्पर्धेसाठी दाबून ठेवायचं. सेमेन्यानं काही वर्षं त्या गोळ्या घेतल्या आणि मळमळ, वाढलेलं वजन, थकवा यांबद्दल ती उघडपणे बोलली आहे.

गोळ्यांच्या पुढेही गोष्टी गेल्या. २०१३ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्समधल्या डॉक्टरांनी चार तरुण खेळाडूंची हकीकत छापली. विकसनशील देशांच्या ग्रामीण, डोंगराळ भागांतल्या १८ ते २१ वयाच्या मुली. त्यांचे वृषण काढले, आणि त्याचबरोबर शिश्निकेचा (क्लिटोरिसचा) काही भागही. त्या भागाचा वेगाशी काय संबंध? काहीच नाही. युगांडाच्या ॲनेट नेगेसावर २०१२ मध्ये शस्त्रक्रिया झाली. नेमकं काय करणार आहेत हे आपल्याला नीट सांगितलं नव्हतं, असं ती म्हणते. तिची कारकीर्द तिथेच संपली. या मुलींची गावं आपल्या वेल्हे-मुळशीसारखीच असणार, असं ते वाचताना मला सारखं वाटत होतं.

मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये आंतरलिंगी बालकांवरच्या अनावश्यक शस्त्रक्रियांना मनाई केली आणि तमिळनाडू सरकारनं तसा आदेश काढला. आपल्याकडे असं व्हायला हवं, ही माझी मागणी आहे.

भारतात कोणाच्या बाबतीत हे घडलं?

शांती सौंदराजन. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातली, वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित कुटुंबातली. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत आठशे मीटरचं रौप्य तिनं जिंकलं आणि चाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं. बातम्या देशभर झाल्या. तिनं जीव द्यायचाही प्रयत्न केला. पुढे काही काळ ती स्वतः वीटभट्टीवर रोजंदारीला होती. नंतर प्रशिक्षकाचं शिक्षण पूर्ण करून ती तमिळनाडूत मुलांना शिकवू लागली. ते पदक तिला आजही परत मिळालेलं नाही.

पिंकी प्रामाणिक. त्याच दोहा स्पर्धेतल्या ४ × ४०० रिले सुवर्ण संघातली. २०१२ मध्ये एका फौजदारी आरोपात तिला अटक झाली, लिंगतपासण्या झाल्या, त्यातली एक चित्रफीत पसरली. २०१४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं तिच्यावरचे आरोप रद्द केले. ती चित्रफीत मात्र कोणाच्या ना कोणाच्या फोनमध्ये राहिलीच असणार.

आणि दुती चंद. तिला मी आपल्या बालेवाडीत धावताना पाहिलंय. जुलै २०१३, आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा. सतरा वर्षांची बुटकी, चपळ पोर २०० मीटरच्या वळणावरून सुटली आणि कांस्य घेऊन गेली. माझ्या शेजारी बसलेल्या दोन शाळकरी मुली तिच्या नावानं ओरडत होत्या. वर्षभरातच, २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर, टेस्टोस्टेरॉन जास्त असल्याचं सांगून तिला वगळलं गेलं. "मी गोळ्या घेणार नाही, ऑपरेशन करणार नाही" म्हणत ओडिशाच्या विणकर घरातली ही मुलगी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली. जुलै २०१५ मध्ये लवादानं तो नियमच स्थगित केला. एवढं टेस्टोस्टेरॉन असल्यानं नेमका किती फायदा होतो, याचा पुरावा दाखवा, असं जागतिक ॲथलेटिक्स महासंघाला सांगितलं. ती रिओला धावली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिनं १०० आणि २०० मीटरमध्ये दोन रौप्यं जिंकली.

पण दुतीवर नंतर बंदी आली ना? म्हणजे काहीतरी होतंच.

२०२३ मध्ये तिच्यावर चार वर्षांची बंदी आली ती उत्तेजक द्रव्यांसाठी. त्याचा तिच्या जन्मजात हार्मोनशी काही संबंध नाही. बाहेरून घेतलेलं औषध आणि शरीरानं स्वतः बनवलेलं हार्मोन या दोन गोष्टी एका पारड्यात घालू नका.

न्यायालयांनी शेवटी काय ठरवलं?

गोळीबंद असं काहीच नाही. सेमेन्याच्या खटल्यात क्रीडा लवादानं १ मे २०१९ रोजी दोन विरुद्ध एक मतानं निकाल दिला. नियम भेदभाव करणारा आहे, पण महिला गट राखण्यासाठी तो आवश्यक आणि वाजवी आहे, असा. एकाच निकालात दोन्ही! स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तो कायम ठेवला. मग ती युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेली. २०२३ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी तिच्या बाजूनं कौल लागला. १० जुलै २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानं एवढंच म्हटलं की स्विस न्यायालयात तिची सुनावणी पुरेशी कसून झाली नाही, तिचा न्याय्य सुनावणीचा हक्क डावलला गेला. भेदभावाच्या मुद्द्यावर त्यांनी निर्णयच दिला नाही.

पॅरिसमधल्या त्या बॉक्सरचं काय?

इमान खलीफ, अल्जीरिया, २०२४ चं पॅरिस ऑलिंपिक, ६६ किलो, सुवर्ण. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेनं २०२३ च्या दिल्लीतल्या जागतिक स्पर्धेतून तिला आणि तैवानच्या लिन यू-तिंगला बाद केलं होतं. ऑलिंपिक समितीनं त्याच वर्षी त्या संघटनेची मान्यता काढली होती आणि या दोघींना पासपोर्टवरच्या नोंदीनुसार खेळू दिलं. त्यानंतर जगभरच्या माणसांनी टीव्हीसमोर बसून तिचा जबडा आणि खांदे मोजले. बॉक्सिंगमध्ये ठोसा लागतो, तिथे सुरक्षिततेचा प्रश्न धावण्यापेक्षा गंभीर आहे, हे मी मानते. २०२५ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या जागतिक संघटनेनंही जनुकीय चाचणी सक्तीची केली. पण कोणाचं लिंग फोटोवरून ठरत नाही.

त्यांच्यासाठी वेगळा गट का करत नाही?

एका गटात धावायला निदान आठ जणी तरी लागतात. आणि त्या गटाच्या सुरुवातीच्या रेषेवर उभं राहणं म्हणजे आपला वैद्यकीय अहवाल गावासमोर वाचून दाखवणं. कुठली आई आपल्या मुलीला तिथे उभी करेल?

शाळेच्या किंवा जिल्ह्याच्या स्पर्धेत कोणी आक्षेप घेतला तर काय करायचं?

आधी मुलीला तिथून हलवा. पाणी द्या, तिच्या मैत्रिणींजवळ बसवा. मग बोला.

आक्षेप घेणाऱ्याला लेखी द्यायला सांगा. निम्मे लोक इथेच गप्प होतात. लेखी आलं तर नियम कोणता ते विचारा, कारण १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धांत लिंगचाचणीचा नियम नाही. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं बोनाफाईड दाखवा, तेवढं पुरेसं आहे. मुलीला कोणत्याही खोलीत न्यायला, कोणत्याही बाईंकडून "बघून घ्यायला" ठाम नकार द्या. तसा प्रयत्न झालाच तर १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा.

या वयोगटातला खरा अन्याय वयचोरीचा आहे, आणि त्याकडे सगळे काणाडोळा करतात. अठराची मुलगी सोळाच्या गटात पळवली जाते तेव्हा दाखला बदलणारं कोणीतरी मोठं माणूस त्यात असतं. त्यासाठी मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघायची पद्धत आहे. निष्पक्ष स्पर्धेची एवढी चाड असेल तर सुरुवात तिथून करू.

आणि मुलींना केस कापायचे असतील तर कापू द्या. आक्षेप येऊ नये म्हणून मी एका मुलीला केस वाढवायला सांगितलं होतं. ते सांगायला नको होतं.

मी प्रशिक्षक आहे. मला स्वतःलाच शंका आली तर?

शंका कोणालाही बोलून दाखवू नका. सहकाऱ्याला नाही, घरी नाही, ग्रुपवर तर नाहीच. तब्येतीची काळजी वाटावी असं काही असेल, पाळी न येणं किंवा जांघेत दुखणं, तर आईशी एकटीशी बोला, आणि तब्येत म्हणूनच बोला. मुलगी अठराची झाली असेल तर थेट तिच्याशी. अहवाल तिचा आहे. तो तुम्ही मागायचा नाही, तिनं दाखवला तर झेरॉक्स ठेवायची नाही. राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोचेल अशी मुलगी असेल तर पुढे जनुकीय चाचणी आहे, हे तिला आधीच शांतपणे समजावून सांगा, म्हणजे ऐन स्पर्धेच्या तोंडावर परक्या शहरात, परक्या भाषेत तिला हे पहिल्यांदा कळणार नाही. शांतीला आणि दुतीला ते तसंच कळलं.

तुमचं स्वतःचं मत काय?

जागतिक पातळीवर महिला गटाला रेषा लागेल. ती कुठे आखायची हे ठरवायला नुसतं जनुक पुरणार नाही, शरीर त्याचा वापर किती करतं हेही बघावं लागेल, आणि प्रत्येक खेळाचं उत्तर वेगळं येईल. ज्या मुलीला त्या रेषेनं बाहेर ठेवलं, तिला निकाल तिच्या भाषेत, तिच्या माणसांसमोर समजावून सांगणं, तिचं नाव झाकलेलं ठेवणं आणि प्रशिक्षक म्हणून किंवा दुसऱ्या कामात तिला जागा देणं ही त्याच महासंघाची जबाबदारी आहे. नियमात हे कलम कुठेच ठळक दिसत नाही. आणि जुनी पदकं मागे जाऊन काढून घेऊ नयेत. शांती जेव्हा धावली तेव्हा ती सगळ्यांसाठी मुलगीच होती.

तुम्ही सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीचं पुढे काय झालं?

ती धावते. गेल्या पावसाळ्यानंतर तिची वेळ दोन सेकंदांनी सुधारली. तिच्या आईला मी त्या रात्री फोनवर म्हटलं होतं, "हो वहिनी, पोरगीच आहे. उद्या सहाला पाठवा." तपासणीत काय निघालं, असं मला अजूनही विचारतात. तपासणी झाली की नाही, तेही मी कोणाला सांगितलेलं नाही.